इस्त्रीच्या शर्टातला फोटो

बिबट्याचं राहू द्या, आधी धर्माकाकांचं ऐका. बिबट्या टिपायला आम्ही वनखात्याच्या लोकांनी दिघाशी गावामागच्या रानात झाडांना कॅमेरे बांधले होते. समोर काही हललं की फोटो आपोआप निघतो, हे गावभर झालेलं. बॅटऱ्या आणि कार्डं बदलायची ड्युटी माझी. दोन महिने नुसती रानडुकरं आणि चरायला आलेली गुरं! साहेब म्हणाले, "या खेपेला नाही दिसला तर कॅमेरे काढून आण."

शेवटचं कार्ड मी तिथंच लॅपटॉपला लावलं. सगळे फोटो धर्माकाकांचे! रानाला लागूनच त्यांचं शेत. कधी टोपी घालून, कधी बैलाच्या गळ्यात हात टाकून. माझं डोकंच फिरलं. पण शेवटच्या फोटोत काका इस्त्रीच्या शर्टात, छाती पुढे काढून उभे, आणि त्यांच्या मागून चक्क बिबट्या चाललाय!

मी नाचायचाच बाकी राहिलो. धावत जाऊन काकांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून निरखून पाहिला आणि ते वैतागले.

"नेमका नव्या शर्टाच्या फोटोत घुसला बघ! ह्यो तर रोजचाच हाय. याला काढून टाक, न् मला एकट्याला मोठा करून दे."