पडद्यांच्या दुकानातली संध्याकाळ

ती: म्हणजे नाटक नको, कारण तिकीट महाग. बाग नको, कारण डास. आता तळ्याकाठचा रस्ताही नको. तो का, ते तूच सांग.

तो: गर्दी असते गं तिथे. संध्याकाळी सगळं गाव तिथेच येऊन फिरतं.

ती: फिरू दे की. आपण कठड्यावर बसायचं, डबा उघडायचा, दोन तास गप्पा मारायच्या. खिशातून काही काढायला नको.

तो: गाड्या जातात सारख्या. धूर नाकात जातो.

आई: अरे, दिवसभर छापखान्यात शाईचा वास घेतोस आणि तुला धुराचं काय एवढं?

तो: आई, तू मटार सोल ना.

आई: सोलतेच आहे. तोंडाने थोडीच सोलते.

ती: बघा ना आई. पोरगी सहलीला गेलीय, उद्या दुपारपर्यंत येत नाही. म्हटलं, वर्षभरात एकदा दोघांनी मिळून कुठेतरी जावं. या महिन्यात खर्च नको, तेही कबूल. फुकटातल्या सात जागा सुचवल्या मी. सातही नापास.

तो: नापास कुठे म्हटलं? घरीच बसू म्हटलं. टीव्हीवर काहीतरी लावू.

ती: टीव्ही रोज लावतो आपण. तेही खालच्या मजल्यावरच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. (नळ सोडून भांडी विसळायला लागते.) मला बोलायचंय तुझ्याशी. सोमवारी उत्तर द्यायचंय मला, आणि त्याआधी एकदा नीट बसायचंय.

तो: हो, चालेल की. तेच करू.

ती: काय तेच करू?

तो: तू म्हणालीस ते.

ती: मी काय म्हणाले?

तो: भात लाव म्हणालीस ना? लावतो मी. त्यात काय एवढं.

ती: भात?

आई: अगं, नळ बंद कर आधी.

ती: नको, राहू द्या आई. हे मुद्दाम आहे. गेले कित्येक महिने असंच चाललंय. मी एक बोलते, हा दुसऱ्याच गावाला. आणि नाही तर नुसतं हसायचं. मला माणूस हवाय बोलायला, हसरा फोटो नकोय.

तो: चिडतेस काय पण? मी कुठे काय म्हटलं?

ती: तेच तर. तू काही म्हणतच नाहीस. एवढी मोठी गोष्ट मी तुला सांगितली, पंधरा दिवस झाले. तू वर मान करूनसुद्धा बघितलं नाहीस. "घे की, त्यात विचारायचं काय." असं म्हणालास. दोन रात्री मला झोप नाही.

तो: कुठली मोठी गोष्ट?

ती: आता हे पण विसरलास?

तो: खरंच आठवत नाही. काय घे म्हटलं मी?

ती: दुकान. आमच्या मालकीणबाई परगावी दुसरं दुकान काढताहेत. पडदे, गाद्यांची कव्हरं, सगळं. तिथलं काम मी सांभाळावं म्हणतात. आठवड्यातले पाच दिवस तिकडेच राहायचं. मी तुला विचारलं, "नवीन दुकान आहे, घेऊ का अंगावर?" आणि तू बूट काढता काढता म्हणालास, "घे की, त्यात विचारायचं काय."

तो: मला वाटलं, इस्त्री.

ती: काय?

तो: जुनी इस्त्री जळली होती ना त्या आठवड्यात. तू "नवीन" म्हणालीस आणि "घेऊ का" म्हणालीस. मला वाटलं, इस्त्री घ्यायचीय.

ती: मी घर सोडून पाच-पाच दिवस जाऊ का विचारत होते आणि तू मला इस्त्री घ्यायला सांगितलीस?

तो: पाच दिवस?

आई: थांबा दोघं. अरे, तू जरा उठ. खिडकीपाशी जा आणि बाहेर तोंड करून उभा राहा.

तो: कशाला?

आई: आईने सांगितलं म्हणून. हं. अजून थोडा पुढे. आता मागे बघू नकोस. सूनबाई, याच्या डोक्यावर पाल आहे बघ, अगदी वर, पडदा टांगतात तिथे. पडेल बहुतेक.

ती: आई, कुठेय पाल?

आई: नाहीच आहे. पण हा हलला का? लहानपणी पालीचं नाव काढलं की पलंगावर चढून बसायचा. बारावीपर्यंत.

तो: झालं का? काय बघायचंय खिडकीतून?

आई: काही नाही, ये. बस इथे. माझ्याकडे तोंड करून बस. सूनबाई, आता तो नळ बंद कर.

ती: आई, म्हणजे याला—

आई: ऐकू येत नाही. सगळंच नाही असं नाही, पण बरंच. मला तीन महिन्यांपासून संशय आहे. आज म्हटलं, होऊनच जाऊ दे.

तो: काहीतरीच. नळ चालू होता म्हणून.

आई: नळ मलाही होता. मी सत्तरीची आहे. ह्याचे वडील असेच होते गं. ऐकू आलं नाही की हसायचे. मी जिला-तिला सांगायचे, आमच्या ह्यांचा स्वभाव किती गोड. सहा वर्षं मी त्या स्वभावाचं कौतुक केलं. कळलं तेव्हा हसले मी, पण तोवर बोलायची सवय गेली होती. कामापुरतं ओरडून सांगायचं, बाकीचं मनात ठेवायचं. कोण घसा फोडणार? शेवटची कितीतरी वर्षं आम्ही एका घरात राहिलो, पण बोललो म्हणशील तर... जाऊ दे. तुमचं तसं नको व्हायला.

ती: तुला माहीत होतं?

तो: (ताटातली मटारची शेंग उचलून सोलायला लागतो.)

ती: माझ्याकडे बघ. तुला माहीत होतं का?

तो: थोडंफार.

ती: कधीपासून?

तो: गेल्या हिवाळ्यापासून. आधी वाटलं, सर्दी. मग सर्दी गेली.

ती: आणि नाटक, बाग, तळं?

तो: नाटकात मागच्या वेळी लोक हसले की मी हसायचो. तू बाहेर आल्यावर विचारलंस, तुला कोणता प्रसंग आवडला. मी म्हटलं, सगळेच. बागेत पोरं ओरडतात. तळ्याकाठी गाड्या. तिथे तू बोलत राहशील आणि मी मान हलवत राहीन. ते तुला कळेल, याची भीती वाटायची.

ती: मला काय वाटत होतं माहितीय? तुला माझा कंटाळा आलाय.

तो: वेडी आहेस का तू?

ती: हो, असेन. पण मला सांगितलं असतंस तर शहाणी झाले असते ना वेळेवर.

आई: भांडा, पण इथे नको. मटारची भाजी मी करते, माझ्यापुरती. तुम्ही बाहेर पडा. ठरलं होतं ना जायचं?

तो: कुठे पण? सगळीकडे तेच.

ती: थांब. मला एक जागा सुचतेय. तिलाही पैसे लागत नाहीत. आई, ती मोठी किल्ली कुठेय, दुकानाची? शनिवारी लवकर बंद होतं आमचं.

(पडद्यांच्या दुकानामागची कोठी. चारी भिंतींना छतापर्यंत कापडाचे गठ्ठे उभे केलेले. जमिनीवर जाड कापड अंथरून दोघं बसलेली; मध्ये डबा आणि चहाचा थर्मास. बाहेर अजून उजेड आहे.)

तो: मालकीणबाई रागावणार नाहीत?

ती: फोन करून विचारलं मी. म्हणाल्या, "मखमलीवर चहा सांडू नका." नंतर विचारलं, कोण येतंय. म्हटलं, नवरा. तर म्हणाल्या, "तो कशाला?"

तो: तू काय सांगितलंस?

ती: म्हटलं, फिरायला. तुला हे ऐकू आलं?

तो: आलं की.

ती: मी अगदी हळू बोलले.

तो: हो. अगं, हे... परत बोल काहीतरी.

ती: काय बोलू?

तो: काहीही. माझ्याकडे न बघता बोल.

ती: डब्यात उकडलेली अंडी आहेत आणि पाव आहे. मीठ विसरले.

तो: मीठ विसरलीस.

ती: हो.

तो: कसं काय? घरात असं होत नाही.

ती: कापड आवाज पिऊन टाकतं. रस्त्याचा आत येत नाही आणि आतला घुमत नाही. मशीनवर दिवसभर बसले की मी पाच मिनिटं इथे येऊन उभी राहते. कधीतरी रडलेसुद्धा आहे. इथून बाहेर काही जात नाही.

तो: कधी रडलीस?

ती: तू इस्त्री घ्यायला सांगितलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. खा आधी.

तो: मी कोणाला सांगितलं नाही त्याचं कारण वेगळंच आहे. मशीनवर दोन कागद एकदम आत गेले की आवाज बदलतो. खट्‌च्या जागी खस्स होतं. आधी मी पाठ करून चहा पीत असलो तरी मला कळायचं. पोरं म्हणायची, यांचे कान मशीनला जोडलेत. आता मी पत्र्यावर तळहात ठेवून उभा असतो. हाताला कळतं. सुपरवायझर परवा म्हणाला, "काय रे, मशीनला थोपटून झोपवतोस का?" सगळे हसले. मीही हसलो. हे त्यांना कळलं तर मला मशीनवरून काढतील आणि बांधणीत बसवतील, पुठ्ठे मोजायला.

ती: म्हणून तू एकटाच हे घेऊन बसलास.

तो: आणि यंत्राचं म्हणशील तर... कानाला यंत्र लावायचं म्हणजे मी माझ्या बापासारखा दिसणार. चाळिशीत.

ती: दिसतोसच. नाक तर तेच आहे.

तो: चेष्टा नको.

ती: चेष्टा नाही. मंगळवारी आपण कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. सरकारी दवाखान्यात मंगळवारी असतात. दोघं जाऊ. ते काय म्हणतात ते आधी बघू, मग छापखान्याचं ठरवू. कदाचित कान झाकायचं काहीतरी आधीच द्यायला हवं होतं त्यांनी तुला. तेही विचारू.

तो: तू येशील?

ती: येईन. आतमध्ये पण येईन. नाहीतर डॉक्टर काहीतरी विचारतील आणि तू भात लावायला जाशील.

तो: मंगळवारी तू इथे असशील का पण? सोमवारी उत्तर द्यायचंय ना तुला.

ती: हे आठवतंय तर.

तो: आजचं सगळं आठवतंय. परत विचार मला. जसं त्या दिवशी विचारलंस तसं.

ती: नवीन दुकान आहे. पाच दिवस तिकडे राहायचं, शनिवार-रविवार घरी. चार बायका हाताखाली असतील. मी घेऊ का अंगावर?

तो: नको.

ती: बरं.

तो: थांब, अजून झालं नाही माझं. नको, असं माझं मन म्हणतंय. घरी आलो आणि तू नसलीस तर मला करमणार नाही, हे मी तुला कधी सांगितलं नाही. ते एक. आणि दुसरं असं की तू पडदा नुसता हातात धरून सांगतेस, खिडकी केवढी असेल. तुला ते दुकान मिळायलाच पाहिजे. पोरीचं मी आणि आई बघू. म्हणजे घे, असंही म्हणतोय.

ती: दोन्ही एकदम?

तो: दोन्ही खरंय. मी काय करू?

ती: पंधरा दिवस मला वाटत होतं, याला काहीच वाटत नाही. मग चिडून ठरवलं होतं, हो म्हणून टाकायचं. आज बाहेर जायचं होतं ते तेवढंच सांगायला.

तो: मग आता?

ती: आता मालकीणबाईंना सांगते, आठवड्याला तीनच दिवस. तीन दिवसांत मी त्या बायकांना शिकवीन, बाकीचे दोन दिवस त्यांनी चालवायचं. जमत असेल तर मी आहे. नसेल तर दुसरी बघा म्हणावं.

तो: त्या ऐकतील?

ती: बहुतेक. माझ्याइतके सरळ काठ शिवणारी त्यांना कुठे मिळणार? चहा घे, गार होईल.

तो: या वर्षात अजून काय काय सांगितलंस मला, जे माझ्यापर्यंत पोचलंच नाही?

ती: बरंच आहे. रोज काहीतरी बोलतच होते मी.

तो: सांग ना.

ती: अरे, सगळं महत्त्वाचं नाहीये. निम्मं तर फालतू आहे.

तो: मग फालतू आधी सांग.