आवाज बारीक झाला की

थर्मन : अंधारात कढई चढवलीस? दिवा लावू का?

व्हर्नेल : लाव, तुला लागेल. आणि ती रिकामी खोकी दाराबाहेरच राहू देत. आधी पैज, मग बांधाबांध.

थर्मन : आई, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? आज जेवढं दिसतंय तेवढंही वर्षभरात जाईल. मेम्फिसला माझ्याकडे चल.

व्हर्नेल : चार तुकडे मी तळणार, चार तू. माझा एक जरी करपला किंवा कच्चा निघाला तर येईन, चकार शब्द न काढता. नाहीतर तू एकटा परत जाशील. असं ठरलंय. चल, कॅटफिशचे तुकडे ताकातून काढ आणि पिठाचा डबा दे.

थर्मन : हा घे.

व्हर्नेल : हे गव्हाचं. बोटांना चिकटतंय. मक्याचं खरखरीत लागतं. मुद्दाम दिलास?

थर्मन : नाही गं. दोन्ही डबे सारखेच दिसतात.

व्हर्नेल : दिसतात ना? शेजारचा दे. मीठ, मिरपूड, लाल तिखट कालवून ठेवलंय त्यात. आता कागदी पिशवीत पीठ, पिठात मासे, आणि हलवायचं. असं.

थर्मन : तेल तापलेलं कसं कळणार तुला?

व्हर्नेल : तुझ्या आजोबांना कळायचं तसं. ही काडेपेटीतली काडी टाकली तेलात. आता जरा गप्प बस... पेटली. भुर्र झालं ते ऐकलंस? झाऱ्यानं काढून टाकली, आणि हे तुकडे सोडले. कडेनं, स्वतःपासून लांब.

(तेल तडतडतं.)

थर्मन : उलट आता. करपतील.

व्हर्नेल : चर्चमध्ये चाळीस वर्षं शुक्रवारचे मासे तळलेत मी, मला नको शिकवूस. अजून बडबडतायत ते. माशातलं पाणी सरलं की आवाज बारीक होतो... हा झाला. उलटले.

थर्मन : आणि काढणार कधी?

व्हर्नेल : पुन्हा बारीक झाला की. हे काढले. ये, तुझी पाळी. आच वाढवू नकोस.

थर्मन : मी कुठे वाढवली?

व्हर्नेल : बटण फिरलं की कट् वाजतं, बाळा.

थर्मन : पटकन होतात, म्हणून. बघ, झालेसुद्धा. काय सुंदर रंग आलाय.

व्हर्नेल : बोलतायत अजून.

थर्मन : सोनेरी झालेत, आई. मला दिसतंय ना.

व्हर्नेल : तर काढ. आता तुझा एक मोड आणि माझा एक.

थर्मन : तुझ्या तुकड्याच्या पाकळ्या सुटतायत, आतपर्यंत शिजलाय.

व्हर्नेल : आणि तुझा?

थर्मन : मध्ये कच्चा आहे.

व्हर्नेल : बाकीचे?

थर्मन : सगळेच. तुझे चारही झालेत. जिंकलीस तू.

व्हर्नेल : मग असा पडेल आवाज का?

थर्मन : मला भीती वाटते, आई. तू फोन उचलला नाहीस की मी गाडीची किल्ली घेऊन धावत सुटतो. इथे पोचेपर्यंतचे दोन तास कसे जातात ते माझं मला माहीत.

व्हर्नेल : मलाही वाटते. कढईची नाही, मागच्या पायऱ्यांची. पायऱ्या काही बोलत नाहीत. गेल्या आठवड्यात एक चुकले.

थर्मन : पडलीस? आणि सांगितलं नाहीस?

व्हर्नेल : सांगितलं असतं तर खोकी तेव्हाच आली असती. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. पण कठडा हवाय मला तिथे. तो मागते तुझ्याकडे.

थर्मन : शुक्रवारी लाकूड घेऊन येतो. रोज सकाळी फोन मात्र तू करायचास.

व्हर्नेल : करीन. तुझे तुकडे मंद आचेवर पुन्हा तळून देते, पोरींना ने. आजीनं केलेत म्हणून सांग.

थर्मन : खोकीही परत नेतो.

व्हर्नेल : ने. आणि जाताना तो दिवा घालव. तुझ्यासाठीच लावला होता.