कागदावर पेटलेली भट्टी

वडीलधाऱ्यांनो, आयाबायांनो, माझ्या दादाच्या शोकसभेत बोलायला उभी राहिले आहे. आधी माझी एक चूक दुरुस्त करते. परवा तुम्ही भेटायला आलात तेव्हा मी म्हणाले, दादा कॉम्प्युटरवर वीज केंद्र चालवायचा. तसं नाही. केंद्र माणसंच चालवतात. माझा भाऊ त्याचं गणित चालवायचा.

शाळेच्या आधी मी दादाकडेच शिकले. तो अंगणात दोन चुली मांडायचा. एकीत कपाशीची वाळली पऱ्हाटी, एकीत ओली. म्हणायचा, "कोणतं पाणी आधी उकळंन? आधी सांग, मंग पाह्य." इंजिनिअर झाला तरी तेच करत राहिला. कोळसा ओला आला तर वाफ किती घटेल, हे तो जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून त्या कॉम्प्युटरच्या मशीनला विचारायचा. विचार करा. ना धूर, ना जाळ, आणि कागदावर अख्खी भट्टी पेटलेली.

माय त्याला चिडवायची, "काहून रे, कागदाच्या भट्टीवर भाकर होते का?"

"भाकर नाई होत माय. करपन का नाई, थे समजते."

एकदा मशीनचं उत्तर आणि केंद्रातली खरी वाफ जुळेना. आम्हाला वाटलं, दादा खचेल. तो हसतच घरी आला. नळ्यांवर राख बसते, ती आपण गणितात धरलीच नव्हती, म्हणाला. स्वतःची चूक सापडल्यावर एवढा आनंदलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पावसाळ्यातल्या कोळशाचं गणित तेवढं मशीनवर चढायचं राहिलं. सुट्टीत येताना त्यानं ती कार्डं सोबत आणली, आणि इथंच तापानं गेला. मायनं कार्डं दादाच्या फोटोपुढं ठेवली. ठेवण्याआधी एकेक कार्ड ओल्या फडक्यानं पुसलं, लेकराचं तोंड पुसावं तसं. कार्डं फुगली. फुगलेलं कार्ड मशीन घेत नाही. केंद्रातले दादाचे सोबती साहेब इथं बसले आहेत. ते म्हणाले, नवी कार्डं पाडावी लागतील, पण या कार्डांवरची भोकं वाचणार कोण? तेव्हापासून माय धड जेवली नाही. म्याच पुसलं, म्याच पुसलं, एवढंच म्हणते.

माय, सगळ्यांपुढं सांगते. भोकं पुसल्या जात नाईत. आन् थे वाचाले दादानंच मले शिकवलं.

मला भीती वाटते. एक भोक चुकलं तर उत्तर चुकेल, आणि ते दादाच्या नावावर जाईल. म्हणून प्रत्येक कार्ड पुन्हा पुन्हा वाचीन. नागपूरला मशीनपाशी बसू देतो, असं साहेबांनी कबूल केलं आहे.

आता सगळे उठून उभे राहू या. थोडा वेळ कोणी काही बोलू नका.

दादा, तुला माझा जय भीम. जऊळका स्टेशनावरून गाडी धरते, येत्या सोमवारी सकाळी.