पट्ट्यांची कर्दळ

(विश्रांतवाडीतल्या एका रो-हाउसचं मागचं अंगण. भिंतीलगत कर्दळीचा लांब वाफा. सकाळ.)

कमरजहां: मी म्हणते, तुम्ही एकदा डोळे तपासून घ्या, रंगनाथभाऊ. इतकं देखणं पान, आणि तुम्ही त्याला आजारी म्हणताय.

रंगनाथ: डोळे तपासलेत, भाभी. दिवाळीत मोतीबिंदू काढला. तवापासनं नको तेबी दिसाया लागलंय.

कमरजहां: हिरव्यावर पिवळ्या रेघा. विकणारा म्हणाला होता, परदेशी जात आहे.

रंगनाथ: त्याला काय जातंय म्हणायला. जातीची रेघ असली का शिरंसंगं सरळ जाती आन् पान टवटवीत राहतं. ही बगा, तुटक तुटक. जुन्या पानाची कड करपलीय. विषाणू हाय हा.

जोया: म्हणजे व्हायरस? मग स्प्रे वगैरे मारा ना काका. दादीचा चेहरा बघा कसा झालाय.

रंगनाथ: बुरशीला औषध हाय, किडीला हाय. याला न्हाई. एकदा झाडाच्या रसात शिरला का मुळापासनं शेंड्यापर्यंत तोच. कंदासकट उपटायचं, पिशवीत बांधायचं आन् कचरागाडीत टाकायचं. खताच्या खड्ड्यात न्हाई.

कमरजहां: किती झाडं?

रंगनाथ: सगळी.

कमरजहां: सगळी कशी? ती पलीकडची लाल फुलांची बघा, पानं स्वच्छ हिरवीगार आहेत.

रंगनाथ: आज हायेत. अंगात असून वरीसभर दिसत न्हाई हा.

कमरजहां: हा वाफा यांनी लावलाय, रंगनाथभाऊ.

रंगनाथ: मला सांगताय? खड्डं मी खणलं व्हतं. अय्युब पाठीमागं हात बांधून नुसता हुकूम सोडत व्हता.

जोया: काका, तुम्ही नक्की सांगताय ना? म्हणजे लॅब टेस्ट वगैरे?

रंगनाथ: करा की. पान द्या तपासायला, मला आनंदच हाय खोटं ठरायला. पर मी आज सहज म्हणून आलेलो न्हाई, पोरी. अय्युबच्या गेल्या बरसीला भाभींनी डब्यासंगं कंद दिला ना, तो मी धायरीला माझ्या नर्सरीत लावला. त्याची आठवण म्हणून अगदी मधोमध. आता त्याच्या बाजूची साठेक झाडं काढून टाकली.

कमरजहां: साठ. आणि तुम्ही मला बोलला नाहीत.

रंगनाथ: आधी वाटलं, माझंच कायतरी चुकलं. आन् आता बोलतोय की.

कमरजहां: मला एक कळत नाही. पट्ट्यांचं झाड मी आणलं ते हे गेल्यानंतर, आणि लावलं या टोकाला. ते त्या टोकापर्यंत पोचलं कसं? चालत गेलं?

रंगनाथ: मावा कीड नेती थोडंफार. पर कंद तुम्ही कशानं फोडता?

कमरजहां: यांच्या चाकूने. दुसरा कशाला घेऊ?

रंगनाथ: धुता?

कमरजहां: नाही. शिसवी मूठ आहे, पाण्याने फुगते. हे पाण्याला लावूच द्यायचे नाहीत. मी कोरड्या फडक्याने पुसते.

रंगनाथ: आन् पयलं झाड कंचं फोडलं?

कमरजहां: पट्ट्यांचं. सगळ्यांना तेच हवं होतं.

रंगनाथ: मग त्याच चाकूनं बाकीची.

कमरजहां: हेही असंच करायचे. तीस वर्षं बघितलंय मी. एक फोडलं की दुसरं.

रंगनाथ: दोन्हींच्या मधी काय करायचा?

कमरजहां: मध्ये काय... मध्ये उठून आत जायचे. गॅस पेटवून पातं धरायचे. चिखल वाळवत असतील.

रंगनाथ: चिखल न्हाई, भाभी. एका झाडाचा रस दुसऱ्याला लागू नये म्हणून पातं जाळावर धरायचं. मीच शिकवलं व्हतं त्याला. मूठ कोरडी राहती आन् पातं साफ व्हतं.

कमरजहां: मी ओरडायचे त्यांना. माती गळून बर्नर काळा होतो म्हणून. एकदा तर ओट्यापाशी येऊच दिलं नाही.

रंगनाथ: म्हाईत हाय. मग त्यानं मेणबत्ती धरली.

कमरजहां: त्या मेणबत्त्या होय. मी विचारलं होतं, वीज गेलेली नाही तर मेणबत्ती कशाला? "लागते," म्हणाले. एवढंच. मला नीट सांगायला काय झालं होतं त्यांना?

रंगनाथ: तुमच्याफुडं तुमच्या शाळंचं मुख्याध्यापक बी गप बसायचं म्हणं. तो तर नवराच.

जोया: दादी, रडू नको ना. तुला माहीतच नव्हतं, तर तुझी चूक कशी?

कमरजहां: झाड मी आणलं, चाकू मी चालवला. मग दुसऱ्या कोणाची असणार? जोया, आपण किती घरी कंद दिले?

जोया: अकरा. राधाकाकू, भाग्यश्रीताई, पलीकडच्या गल्लीतले सगळे... पण आपण ना, गप्पच बसू. सिरियसली. पानं पिवळी पडली तर लोकांना वाटेल ऊन लागलं. कोण तुझ्यावर येणार आहे?

कमरजहां: कोणी येणार नाही. ते पुढच्या वर्षी हौसेने कंद फोडतील आणि आणखी अकरा घरी देतील, तुझ्या दादाअब्बांचं नाव घेऊन. मला ते सहन व्हायचं नाही.

जोया: मग ग्रुपवर मेसेज टाकते.

कमरजहां: देताना दारात जाऊन दिलं, परत घेताना मेसेज? मी जाणार. लाज वाटेल, वाटू दे. प्रत्येक घरचं झाड मी स्वतः काढीन.

रंगनाथ: राधाबाई जरा कुरकुर करतील. त्यांनी कुंडी रंगवून घेतलीय.

कमरजहां: रंगवलेली कुंडी त्यांनाच राहील, म्हणावं. आणि हा वाफाही आजच. उद्यावर टाकलं तर माझ्याच्याने होणार नाही. वाफा गेला की यांचं इथे काही उरायचं नाही.

रंगनाथ: जपाची तसबी हाय ना? अय्युबनं कर्दळीच्या बियांची केलेली?

कमरजहां: रोज हातात असते. पण तिच्या बियांना भोकं पाडलीयत. त्या काय उगवणार.

रंगनाथ: ओवून उरलेल्या? मूठभर तरी असतील. तो मोजून कधी काय आणायचा न्हाई.

जोया: बिस्किटांचा डबा! माळ्यावर. हलवला की वाजतो, लहानपणी मी खेळायचे त्याच्याशी.

कमरजहां: त्या पंधरा वर्षांपूर्वीच्या आहेत.

रंगनाथ: म्हणजे पट्टेवाली यायच्या लई आधीच्या. टणक बी हाय, टिकती. जरा घासायची, रातभर कोमट पाण्यात टाकायची. नवी माती, नव्या कुंड्या, एकमेकींपासनं लांब. बियांतनं हा रोग सहसा येत न्हाई. सहसा म्हणतोय हां. वरीसभर पानं बगायची, आन् तोवर कुणाला काय द्यायचं न्हाई.

कमरजहां: बरसीलासुद्धा नाही?

रंगनाथ: बरसीला बिर्याणी द्या. ती चांगली असती तुमची.

कमरजहां: फूल यांच्या कर्दळीसारखं लालच येईल?

रंगनाथ: ते सांगता यायचं न्हाई. बी हाय. पिवळंबी येईल.

कमरजहां: येऊ दे. जोया, डबा नंतर काढ. आधी तो चाकू आण आणि गॅस लाव.

जोया: आत्ता? आत्ता तर सगळं उपटायचंच आहे ना?

कमरजहां: इथलं झालं की राधाकडे जायचंय. तिच्या बाकीच्या झाडांचा काय गुन्हा? दर घरी जाताना पातं तापवून न्यायचं.

जोया: (स्वयंपाकघराच्या खिडकीतून) बरं. हे बघ, धरलं. दादी, माती गळतेय गं. बर्नर काळा होतोय.

कमरजहां: होऊ दे.