पोचे आलेला हंडा

ठण्ण — ठण् — ठण् — असा आलता आवाज, महिपतराव, हंडा विहिरीच्या पायऱ्यांवरनं खाली गेल्याचा. तुमी मगाधरनं त्या पोच्यांवरनं बोट फिरवताय, म्हनून सांगतो. आमची चिंगी तवा बारा-तेराची. मी गोठ्यात व्हतो. म्हनलं, हात सुटला आसंल नातीचा — जाऊन बगतो तर पोर पायरीवर आडवी, डोळं पांढरं, हातपाय झाडतीया, आन् बाया लांब उभ्या. पयला पोचा तवाचा. बाकीचे मागनं आले. तळेगावचा तांबट म्हनलता, ठोकून सरळ करून देतो. चिंगीच म्हनली, कशाला, परत पडायचाच हाय. — सून म्हनली व्हती, आबा, पावनं पोरीला बगाया येनार, तुमी निस्तं भाताचं न् धरनाचं बोला. बोललो की. पन धरनाचं तरी मानसानं किती बोलायचं?

चहा घ्या, निवतोय. — तर फेफरं. कुनी बाहेरचं म्हनलं, कुनी काय. गावातल्या समद्यांच्या चपला तिच्या नाकाला लागल्यात. चप्पल हुंगवली की उतरतं म्हनत्यात — तुमच्या आंबी गावातबी म्हनत आसतील. उतरायचं ते आपसूक उतरतं, नाव चपलेचं व्हतं. पोर सुद्दीवर आली की पयला वास तो, आन् भवती सारं गाव. एकदा कुनीतरी दाताखाली उलथनं घातलं, पुढचा दात गेला. मगा चहा देताना तोंड मिटून हसली बगा — ती लाजली न्हवती. दात झाकला तिनं.

लोनावळ्याचा डाक्तर गोळ्या देतो, येष्टीनं जाऊन मी आनतो. त्यानं कमी झालंय — बंद झालं म्हननार न्हाई. आलं की दिसभर निजती. मळनी केल्यावानी अंग दुखतं म्हनती, ते आइकून मलाच दमल्यावानी हुतं. चुलीपुडं आमी बसवत न्हाई तिला. सून मगाशी म्हनली ना, पोरीच्या हातची भाकर लय ग्वाड — ती सुनेनंच थापल्याली. पन भात लावायला उतरली तर चार बायांना मागं टाकंल, हे मातुर खरं.

बगा, सांगायचं न्हवतं, निगून गेलं तोंडातनं. न्हाई — निगून कसलं जातंय. सकाळी पोरच म्हनली. माझं पाय चेपत व्हती, मान खाली. म्हनली, "आबा, लपवून दिलंत, आन् मी तितं पडले, तर मला कुशीवर कोन वळवंल?" एवडंच. डाक्तरनं शिकवलंय आमाला — कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ कायतरी द्यायचं, तोंडात काय कोंबायचं न्हाई, आन् शेजारी बसून ऱ्हायाचं. मी बसतो. पन मी किती दिस पुरनार? तर तुमच्या मनाला आलं न् नेलीत, तर तेवडी चप्पल नगा लावू नाकाला. दुसरं मागनं न्हाई. न्हाई नेलीत तर — पोर हाय आमची, आमाला जड न्हाई. बांगड्या वाजल्या बगा दाराआड. आइकलं समदं तिनं.

— आलीच. आज पानी ऱ्हाऊ दे की गं, पावनं बसल्यात. — चुंबळ घेतली का? ... गेली. हंडा उचलला, न् निगालीबी. हं. चूल बंद केली आमी तिची, पानीबी बंद केलं तर तिला ऱ्हायलं काय? म्हनून जाऊ देतो. आन् मागनं मी, लांबनं, तिला दिसनार न्हाई असा.

ती काठी द्या जरा. चहा पिऊन घ्या तुमी, काय ठरवायचं ते घरी जाऊन ठरवा. — काय म्हनता? न्हाई, आता बोलू नका, महिपतराव. विहिरीच्या पायऱ्या आल्या आसतील. मला आइकू द्या.