पोलीसगाडीपुढचा वाघ

"घनश्यामभाऊ, सांगतो, पन तुमाले पटनार नाही."

आर्णीच्या बसस्थानकावर देवीलाल रंगात आला, तशी घनश्यामनं समोर लागलेली बस सोडून दिली.

"कापसाच्या जिनिंगवरच्या बांगलादेशी रफीकले कोर्टात न नेताच देशाबाहेर धाडून राह्यलते. आमच्या तांड्याची बिजलीबाई पोलीसगाडीपुढंच बसली."

"काय म्हने?"

"म्हने, कागद नसन, पन कोर्टात बोलाचा हक्क तरी हाय ना त्याले? आमचे बुढे बैलांवर मीठ लादून मुलुखभर फिरले, त्यायले कोनं कागद मागितला?"

"अन् गाडी?"

"थेट कोर्टात गेली. काहून नाही जाईन? टिपेश्वरच्या जंगलातला वाघ बाईच्या बाजूले येऊन बसलता."

मागच्या बाकावरची म्हातारी बांगड्या सावरत म्हणाली, "खोटं नको बोलू, देवीलाल. मी एकटीच बसलती."