बाकावर बसायला आलो होतो

नको नको, खुर्ची नको... अहो, ठेवा हो ती खुर्ची, मी उभाच बरा! बाई, तुम्ही बसा, सकाळपासून शिट्टी फुंकून दमला असाल. मला 'दोन शब्द बोला' म्हणालात ना? मग बोलतो. उभ्यानं बोलतो आणि तुमच्याकडे तोंड करून बोलतो, मी काही पाठ दाखवणाऱ्यातला माणूस नाही... आज तर मुळीच नाही! तो पुष्पगुच्छही नंतर द्या, आधी ऐकून घ्या, कारण गेले कित्येक महिने या बागेत माझ्याबद्दल जे काय बोललं जातंय ना, वृक्षप्रेमी काय, निसर्गसेवक काय, आत्ता तर या बाईंनी मला 'पाखरांचे पालक' करून टाकलं... तुम्हाला सांगतो, सगळं खोटं आहे! साफ खोटं! अहो, मी इथे फक्त बाकावर बसायला आलो होतो!

आता तुम्ही म्हणाल, बसण्याचं एवढं काय? तुम्हाला काय कळणार, तुम्ही खुर्चीवाली माणसं! मी बसवर कंडक्टर होतो. म्हणजे अख्खी गाडी बसलेली आणि मी उभा. ड्रायव्हर बसलेला, आज्या बसलेल्या, एकदा तर एका बाईंची कोंबडी खिडकीजवळची सीट अडवून बसलेली, आणि मी उभा! कंडक्टरला स्वतःची सीट असते म्हणे... असते ना! तिच्यावर कायम कुणाची तरी बॅग असते, नाहीतर 'मास्तर, जरा गुडघा धरलाय हो' म्हणणारे आजोबा असतात. नोकरीभर एकच मंत्र म्हटला, 'पुढे चला, पुढे चला, आत जागा आहे!' ही पहिल्या रांगेत बसलीय, तिला विचारा, मी झोपेतसुद्धा ओरडायचो. एकदा 'पुढे चला, पुढे चला' करत राहिलो, तर ही बिचारी झोपेत सरकत सरकत पलंगाखाली! तर मी तेव्हाच ठरवलं होतं, रिटायर झालो की जग फिरायचं नाही, छंद जोपासायचे नाहीत, काही नाही. बसायचं.

रिटायर झालो आणि घरी बसायला गेलो, तर घरात जागाच नाही! सोफ्यावर चिरंजीव लॅपटॉप घेऊन. टेकलो की, 'बाबा, मीटिंग चालूय, कॅमेऱ्यात येताय!' जेवणाच्या टेबलाशी सूनबाई, तिचंही ऑफिस तिथेच, 'बाबा, जरा आवाज न करता पाणी पिता का?' आता पाण्याला मी काय सांगू? आरामखुर्चीत ही भाजी निवडत. पलंगावर बसलो की, 'अहो, चादर आत्ताच बदललीय!' म्हणजे मी उभा! स्वतःच्या घरात, पेन्शनीत, उभा! बसमध्ये निदान घंटीची दोरी तरी माझ्या हातात होती हो.

म्हणून फिरत फिरत इथे आलो. बाहेर पाटी 'वृक्षोद्यान', आत झाडंच झाडं, देशोदेशीची, प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पट्टी. मी काही ती वाचली नाही, कशाला वाचू? मला दिसला तो बाक. तो हो, मागच्या कोपऱ्यातला! टेकायला पाठ, हात ठेवायला हात, मागच्या मोठ्या झाडाची सावली, आणि बाजूला बॅग नाही, आजोबा नाहीत, कोंबडी नाही. मी बसलो. पाय लांब केले. डोळे मिटले. तुम्हाला सांगतो, सुख सुख म्हणतात ते असं असतं होय, असा विचार मनात येतोय न येतोय तोच कानाशी... फुर्रर्रर्र!

शिट्टी! डोळे उघडतो तर समोर या बाई. तेव्हा या नवीनच आल्या होत्या, स्वयंसेवकांच्या प्रमुख म्हणून. मला म्हणाल्या, 'काकाऽऽ, किती प्रेमानं बघत होतात हो झाडांकडे!' अहो, डोळे मिटलेले होते माझे! 'तुमच्यासारख्यांची खूप गरज आहे हो आम्हाला. काही नाही, आठवड्यातून जरासं यायचं, थोडं पाणी, थोडा पालापाचोळा, लोक आले की गोड बोलायचं.' मी म्हटलं, बाई, मी फक्त बाकावर बसायला... वाक्य पुरं होईपर्यंत माझ्या डोक्यावर हिरवी टोपी! मला आजवर बऱ्याच जणांनी टोपी घातली, पण अशी समोर उभं राहून, नीट बसतेय का बघून, कुणी घातली नव्हती.

मग आली ती झाड दत्तक योजना. प्रत्येकानं एक झाड निवडायचं आणि उन्हाळाभर सांभाळायचं. झाली पळापळ! या आपल्या मुख्याध्यापिका बाई, यांनी फुलांनी लगडलेलं झाड धरलं, पहिल्या नंबरात येणारं. दातांचे डॉक्टर धावत जाऊन एका भल्या थोरल्या बुंध्याला मिठी मारून उभे. मी जागचा हललो नाही. बसल्या बसल्या बाकाशेजारच्या झाडाकडे बोट केलं, म्हटलं, हे माझं. हिशोब सरळ होता, पाणी ओतायचं आणि बसायचं. बाई म्हणाल्या, 'अहो काका, याला एकही पान नाही!' मी म्हटलं, मलाही एक केस नाही, काही अडलंय का माझं? 'पानगळ असेल,' डॉक्टर म्हणाले. 'उशिरा फुटणारं दिसतंय,' मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. ठरलं. अख्ख्या बागेतल्या शिकलेल्या माणसांनी मिळून ठरवलं बरं का, मी एकट्यानं नाही!

बरं, नुसतं पाणी घालून सुटका होती का? छे! बाईंचा नियम, 'रोज आपल्या झाडाशी थोडं बोलायचं, मनापासून!' आता झाडाशी काय बोलणार हो माणूस? डॉक्टर म्हणतायत, 'वाऽ, मुळं मजबूत आहेत हं तुमची!' मुख्याध्यापिका बाई ओरडतायत, 'ताठ उभा राहा! इकडे तिकडे काय हलतोयस?' वारा सुटला होता हो, ते काय करणार? आणि मी माझ्या झाडासमोर बादली घेऊन उभा. तोंडातून एकच शब्द फुटला... 'तिकीट?'

पण बोलायला लागलो की थांबवत नाही. पहिल्यांदा हवापाण्याचं बोललो. मग गुडघ्याचं. मग हळूहळू सगळंच... की बाबा रे, एवढ्या लोकांना आयुष्यभर जागा करून दिली, आणि आता मला घरात टेकायला कोपरा नाही. कुणी वाईट नाही घरात, सगळे कामात आहेत, पण मी कुठेही उभा राहिलो की कुणाच्या तरी वाटेत असतो. असं बोललो मी. झाडाशी! आणि ते इतकं सज्जन, एकदा मध्ये तोंड घातलं नाही! एकदा ही डबा घेऊन आली, झाडामागे उभी राहून किती वेळ ऐकत होती कोण जाणे. घरी गेल्यावर म्हणाली, 'माझ्याशी हं आणि बरं याच्यापुढे तुमची गाडी जात नाही, आणि त्या खोडाला एवढी मोठी गोष्ट सांगता?' मी म्हटलं, बरं.

आणि बघता बघता सगळ्यांच्या झाडांना पालवी फुटली, माझंच तसंच. मुख्याध्यापिका बाई येता जाता चष्म्यावरून बघायच्या, 'तुमचा मागे पडतोय हं, जरा लक्ष द्या घरून.' काय वाटतं सांगू बापाला! मी एका बादलीच्या दोन केल्या. खत घातलं. पालापाचोळा पसरला. सकाळी जरा पाणी, संध्याकाळी जरा पाणी, मधल्या वेळात समजावणं, 'अरे, एक पान काढ, एकच, निदान त्या बाईंच्या तोंडावर मारायला!' आणि या सगळ्या भानगडीत, तुम्हाला सांगतो, माझ्या एक दिवस लक्षात आलं की मी बाकावर बसलोच नाहीये! कित्येक दिवस! बाक तिथे, मी इथे, मध्ये बादली! अहो, मी फक्त बाकावर बसायला आलो होतो!

मग तो मेळावा आला, बागेच्या मित्रमंडळींचा. ही गर्दी! पोरंटोरं, आज्या, फुगे, सरबत, आणि सगळ्यांना झाडं दाखवत फिरायला झाडांचे मोठे तज्ज्ञ साहेब. प्रत्येकानं आपापल्या झाडाशेजारी उभं राहायचं. साहेब सगळ्यांचं कौतुक करत करत माझ्याकडे आले. मी टोपी सरळ केली. साहेबांनी खोडावर टकटक केलं, वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, पायाशी झालेला चिखल बघितला. मग अगदी हळू आवाजात, डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात ना, तसं म्हणाले, 'काका... हे झाड जाऊन बरीच वर्षं झाली.'

मी म्हटलं, कुठे जाऊन?

'वाळलंय हो ते. मेलंय. आम्ही मुद्दाम उभं ठेवलंय. अशा वाळक्या लाकडात किडे राहतात, त्यांच्यामागे पाखरं येतात.'

झालं! अख्खा मेळावा हसला! सरबतवाला हसला! मुख्याध्यापिका बाई रुमालात तोंड खुपसून हसल्या. आणि मला... हसा आत्ताही, पण मला वाईट वाटलं हो. फार वाईट वाटलं. लाज वाटली ती वेगळीच, पण एवढं सगळं मनातलं ज्याला सांगितलं, तो मी येण्याच्या कितीतरी आधीच गेलेला. म्हणजे या जगात माझं ऐकून घेणारा एकुलता एक माणूस, तो माणूसही नव्हता, आणि आता तर जिवंतही नाही! मी टोपी काढली. बाईंच्या हातात द्यायला हात पुढे केला...

आणि तेवढ्यात वरून, टक् टक् टक्! सगळ्यांच्या माना वर. खोडाला एक भोक, आणि त्या भोकातून लाल तुऱ्याचा एक सुतारपक्षी डोकं काढून बघतोय खाली, 'काय चाललाय गोंधळ?' अगदी आमच्या चिरंजीवासारखा, मीटिंगच्या मध्येच! साहेब कुजबुजले, 'घरटं आहे! अंडी असणार आत!' आणि बाई? बाईंनी शिट्टी फुंकायला तोंडाशी नेली, साहेबांनी वरच्यावर पकडली, तर कुजबुजत का होईना पण म्हणाल्याच, 'काकांच्या प्रेमामुळे पाखरू आलं होऽऽ!' साहेब खोकले. मीही खोकलो. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. आवाज न करता, हवेत.

मला वाटलं सुटलो. सुटतोय कसला! साहेबांनी तिथल्या तिथे झाडाभोवती दोरी बांधली, पिल्लं उडून जाईपर्यंत आत कुणी जायचं नाही, कुणी बसायचं नाही. आणि दोरीच्या आत काय? माझा बाक! 'पण बघायला गर्दी होणार,' बाई म्हणाल्या, 'ती आवरणार कोण? ज्याला गर्दीची सवय आहे असं कुणीतरी...' आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

मग काय, उभा! दोरीला धरून उभा, बाकाकडे बघत उभा! 'पुढे चला, पुढे चला, मागच्यांनाही बघू द्या, अहो ताई, फोन खाली, फ्लॅश नको!' हिनं घरून घडीची खुर्ची आणून दिली. बसलो तर ती अशी करकरली की पाखरू भुर्रकन उडून गेलं आणि पुष्कळ वेळ परतलंच नाही. तो वेळ मी कसा काढला, मला विचारू नका. ते आलं परत, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. खुर्ची त्याच पावली घरी पाठवली. मग ही थर्मास घेऊन यायला लागली, माझ्या शेजारी उभी राहायला लागली, आणि आम्ही कुजबुजत बोलायचो. काय काय बोललो! लग्नानंतर एवढं पहिल्यांदाच. एक दिवस म्हणाली, 'घरी चला आता. मुलानं सोफा रिकामा केलाय तुमच्यासाठी, मी सांगितलं त्याला सगळं.' ज्या सोफ्यासाठी जीव टाकत होतो, तो सोफा! आणि मी काय म्हणालो असेन? 'थांब गं, पिल्लं एकटी आहेत, त्यांची आई येऊ दे.' पण हे प्रेमबिम नाही हं! बाई, हसू नका, ही ड्यूटी आहे!

तर परवा पिल्लं उडाली. एक, मग दुसरं, आणि तिसरं भोकाच्या तोंडाशी बसून राहिलं, हलेचना. मी खालून हळूच म्हटलं, 'पुढे चल रे बाबा, पुढे खूप जागा आहे.' उडालं. माझ्या डोळ्यांत... किडा गेला होता. वाळकं लाकूड, किडे असतातच.

आणि आज सकाळी दोरी निघालेली! मी तुम्ही यायच्या कितीतरी आधी आलो. बागेत कुणी नाही. बाक नुसता चमकत होता, म्हटलं दवानं धुतला असेल. सरळ गेलो आणि बसलो. टेकलो. हात बाकाच्या हातांवर ठेवणार होतो, पण नाही ठेवले, मांडीवर ठेवले, देवच पावला. शेजारी माझं ते गेलेलं झाड, वर रिकामं घरटं, शिट्टी नाही, बादली नाही. मनसोक्त बसलो हो! तुम्ही मंडळी दिसायला लागलात तेव्हा उठलो, तर उठताना बाक माझ्याबरोबर येऊ बघत होता. चर्र आवाज झाला. म्हटलं, त्याचाही माझ्यावर जीव जडला असेल.

आणि आत्ता, मला इथे बोलायला उभं करायच्या आधी या बाई माझ्या कानात काय म्हणाल्या माहितीये? 'काका, तुमच्यासाठी गंमत आहे! तुमचा बाक काल संध्याकाळी रंगवून घेतलाय, तुमच्या टोपीचाच हिरवा! अजून ओला आहे, म्हणून पाटीसुद्धा लावलीय.' लावलीय ना! बाकाच्या मागच्या बाजूला!

तेव्हा ती खुर्ची राहू द्या, चांगली खुर्ची आहे, उगाच खराब होईल. आयुष्यभर लोकांना 'पुढे चला' म्हणत आलो, आता मी इथून फाटकापर्यंत मागे मागे चालत जाणार आहे, वाट सोडा. पण एक लक्षात ठेवा, पुन्हा कुणी मला वृक्षप्रेमी म्हणायचं नाही. मी फक्त बाकावर बसायला आलो होतो, आणि बसलो! पुरावा आहे माझ्याकडे... पण तो दाखवायचा तर तुमच्याकडे पाठ करावी लागेल.